सर्वो जागेवर थांबतो म्हणजे नेमकं काय करतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी सगळे प्रश्न सर्वो मोटरचेच घेतलेत, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या मोटरचे. इंडस्ट्रीतले मोठे सर्वो नाही, आपले छंदवाले छोटे सर्वो, एसजी९०, एमजी९०एस, एमजी९९६आर वगैरे, जे आरसी म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या विमानात असतात, कॉलेजच्या रोबोटिक आर्ममध्ये असतात आणि आता गणपतीच्या देखाव्यातही दिसायला लागलेत. प्रश्न वरवर वेगळे वाटतात पण बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय, ते आधी वाचा म्हणजे बाकीची लगेच कळतील.

प्रश्न: सर, मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपने प्रोजेक्टला रोबोटिक आर्म बनवलाय, खांद्याला एमजी९९६आर आहे. कोडमध्ये ९० दिलं की रिकामा आर्म बरोबर आडवा राहतो पण ग्रिपरमध्ये २०० ग्रॅमचं वजन दिलं की तीन-चार डिग्री खाली झुकतो, गुंऽ गुंऽ आवाज करत राहतो आणि थोड्या वेळात एवढा तापतो की हात लावता येत नाही. गाइड म्हणतात कोड चुकलाय. सगळीकडे लिहिलेलं असतं की सर्वो पोझिशन होल्ड करतो, मग आमचा का करत नाही? (सांगली)

उत्तर: कोड उघडून बसू नका, कोडमध्ये काही चुकलेलं नाही. सर्वो पण बिघडलेला नाही. तो पोझिशन होल्ड करतोच आहे, फक्त होल्ड करणं म्हणजे काय याची आपली जी कल्पना असते ना, की एकदा ९० वर गेला की आत कुठेतरी खटका पडतो आणि आर्म लॉक होतो, तसं काहीही आत नसतं. ना ब्रेक, ना लॉक, ना खिट्टी. एखादा जुना एसजी९० घ्या आणि खालचे चार बारीक स्क्रू काढून उघडून बघा, हे प्रत्येकाने एकदा करावंच. वरच्या झाकणाखाली पांढऱ्या ग्रीसमध्ये माखलेले प्लॅस्टिकचे गिअर एकावर एक रचलेले दिसतील, खाली एका बाजूला छोटी डीसी मोटर, खेळण्यातल्या गाडीत असते तशीच साधी, दुसऱ्या बाजूला बाहेरच्या दांड्याला जोडलेला एक पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो त्यातलाच प्रकार, आणि तळाला नखाएवढा सर्किट बोर्ड. संपलं. एवढ्याच सामानात सगळा खेळ आहे.

आता कोडमध्ये तुम्ही ९० लिहिता तेव्हा सर्वोला ९० हा आकडा जात नाही. सिग्नलच्या वायरवरून दर २० मिलिसेकंदाला एक पल्स म्हणजे व्होल्टेजचा छोटा ठोका जातो, सेकंदाला ५०, आणि तो पल्स किती वेळ हाय राहिला यात सगळी माहिती असते. साधारण १ मिलिसेकंद म्हणजे एका टोकाला, २ म्हणजे दुसऱ्या टोकाला, १.५ म्हणजे मध्यावर. (आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाची सर्वो लायब्ररी यापेक्षा जास्त पसरते, ० डिग्रीला ५४४ मायक्रोसेकंद आणि १८० ला २४००, म्हणजे एका डिग्रीला साधारण १० मायक्रोसेकंद, हा आकडा लक्षात ठेवा पुढे लागेल.) पल्स आला की आतला बोर्ड स्वतःचाही एक पल्स तयार करतो आणि त्याची लांबी ठरते पॉटवरून, म्हणजे दांडा आत्ता खरोखर कुठे आहे त्यावरून. मग दोन्ही पल्सची वजाबाकी. बाहेरचा मोठा निघाला तर मोटर एका दिशेने, आतला मोठा निघाला तर उलट दिशेने, आणि दोन्ही सारखे असतील तर मोटर बंद. एनई५४४ सारख्या जुन्या आयसी हेच करायच्या, आता बऱ्याच सर्वोत छोटा मायक्रोकंट्रोलर असतो, पण हिशोब तोच, कुठे जायचंय वजा कुठे आहे.

खरी मेख आता येते. समजा बाहेरून १५०० मायक्रोसेकंदाचा पल्स आला आणि आतला १४७० निघाला, फरक ३०. म्हणजे तीन डिग्रीची चूक. पण २० मिलिसेकंदातले फक्त ३० मायक्रोसेकंद मोटरला करंट दिला तर ती जागची हलणार पण नाही, म्हणून बोर्ड तो फरक बऱ्याच पटीने ताणून लांब करतो आणि तेवढा वेळ मोटर चालवतो. याचा अर्थ चूक छोटी तर मोटरचा जोर छोटा, चूक मोठी तर जोर मोठा, आणि चूक शून्य तर जोरही शून्य! हे वाक्य परत एकदा वाचा कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आर्म बरोबर ९० वर असेल तर मोटर काहीच जोर लावत नसते. ग्रिपरमध्ये वजन आलं की ते पेलायला जोर पाहिजे, जोर यायचा तर चूक पाहिजे, म्हणून आर्म आधी खाली जातो, आणि जिथे चुकीतून आलेला जोर वजनाएवढा होतो तिथे थांबतो. ते तीन-चार डिग्री झुकणं ही त्या जोराची किंमत आहे.

हातानेही बघता येतं. एसजी९० ला ९० देऊन ठेवा आणि हॉर्नला, म्हणजे दांड्यावर बसवतात त्या पट्टीला, बोटाने अगदी हळू ढकला. सुरुवातीला डिग्रीभर तो काहीच विरोध करणार नाही. तो डेडबँड, एसजी९० च्या डेटाशीटमध्ये १० मायक्रोसेकंद दिलाय, तेवढ्या फरकाकडे बोर्ड मुद्दाम दुर्लक्ष करतो, नाहीतर तो कायम इकडून तिकडे थरथरत बसला असता. त्याच्या पुढे ढकललं की बोटाला उलटा जोर लागायला लागतो आणि जेवढं जास्त ढकलाल तेवढा वाढतो, मग एका जागी पूर्ण वाढून थांबतो. अजून जोर केला तर तो हरतो आणि प्लॅस्टिकचा गिअर असेल तर दात तुटतो, तेव्हा तिथपर्यंत नेऊ नका.

आवाज आणि तापणं यांचं उत्तरही यातच आलं. वजन धरून ठेवलंय म्हणजे मोटरला सारखा करंट चालू आहे पण मोटर फिरत नाहीये. फिरणारी मोटर स्वतः उलट व्होल्टेज तयार करते त्यामुळे करंट आटोक्यात राहतो, थांबलेल्या मोटरला तो आधारच नाही, वायंडिंगच्या रेझिस्टन्सवर जेवढा जाईल तेवढा जातो आणि सगळ्याची उष्णता होते. पाण्याने भरलेली कळशी हात लांब करून धरून उभं राहिलात तर कळशी इंचभरही हललेली नसते तरी हात भरून येतो, तसं आहे हे. आणि तो गुंऽ गुंऽ आवाज म्हणजे तुकड्या तुकड्याने येणारा करंट, मोटर आणि गिअर प्रत्येक तुकड्याला किंचित हिसका खातात.

आता तुमच्या आर्मचा हिशोब करू. तुम्ही लांबी लिहिली नाहीये, मी २० सेंटिमीटर धरतो. टोकाला २०० ग्रॅम म्हणजे ०.२ गुणिले २०, ४ किलो-सेंटिमीटर. आर्मचं स्वतःचं वजन १५० ग्रॅम धरलं आणि त्याचा मध्य १० सेंटिमीटरवर, तर अजून १.५. ग्रिपरला पण तसलाच ५५ ग्रॅमचा सर्वो लावला असेल (बरेच जण लावतात आणि हिशोबात धरायचं विसरतात) तर अजून १.१. झाले ६.६. एमजी९९६आर च्या डेटाशीटमध्ये ४.८ व्होल्टला ९.४ किलो-सेंटिमीटर लिहिलंय ते बघून वाटतं की भरपूर आहे, पण तो स्टॉल टॉर्क आहे, म्हणजे ज्या वजनाला मोटर पूर्ण अडकते आणि सगळा करंट खाते तो आकडा. तेवढ्यावर कायम उभं राहायचं नसतं. सतत धरून ठेवायचं असेल तर मी स्टॉलच्या एक तृतीयांशच्या वर जाऊ देत नाही, म्हणजे इथे साधारण ३. तुमच्याकडे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आहे. शिवाय एमजी९९६आर नावाने बाजारात इतक्या नकला फिरतात की लेबलवरचा आकडा खरा धरूच नका. मोजायचं सोपं आहे, हॉर्नवर १० सेंटिमीटरची पट्टी घट्ट बसवा, टोकाला बॅग मोजायचा हुकवाला काटा अडकवा, सर्वोला वर जायला सांगा आणि जिथे तो अडेल तिथला किलोचा आकडा वाचून त्याला १० ने गुणा, फक्त दोन-तीन सेकंदात उरका नाहीतर मोजता मोजता मोटर जळेल.

उपाय कोडमध्ये नाही, आर्ममध्ये आहे. खांद्याला एक ताणाची स्प्रिंग लावा, नसेल तर चांगले जाड रबर बँड, असे की रिकामा आर्म साधारण स्प्रिंगवरच तरंगेल आणि सर्वोला फक्त ग्रिपरमधलं वजन आणि हालचाल बघायची राहील. मला विचाराल तर हा एकच बदल मोठा सर्वो विकत घेण्यापेक्षा जास्त कामाचा आहे आणि मेकॅनिकलच्या प्रोजेक्टला शोभणारा पण आहे. त्यानंतर आर्म जितका आखूड होईल तितका करा. आडव्या स्थितीत वजन सगळ्यात जास्त जाणवतं, आर्म ६० डिग्री वर असेल तर तेच वजन निम्मं होतं, तेव्हा वाट बघायची असेल तेव्हा आर्म वर दुमडून उभा ठेवा. आणि वजन दर वेळी तेवढंच असेल तर ९० च्या ऐवजी ९३ पाठवून झुकणं भरून काढता येतं, ती तडजोड आहे पण व्हायवाला मान्य करून सांगितली तर कुणी नाव ठेवणार नाही. गाइड सरांना वरचा हिशोब कागदावर मांडून दाखवा.

प्रश्न: नमस्कार. आमच्या मंडळाचा यंदा हलता देखावा आहे, त्यात १२ छोटे सर्वो आहेत, सगळे आर्डुइनो उनोवर. एकेक चालवला तर मस्त चालतो. सगळे एकदम चालू केले की थरथरतात, मधेच आर्डुइनो रिसेट होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू. दुकानदार म्हणतो सर्वो खराब लॉट आहे. बदलून घेऊ का? (पुणे)

उत्तर: बदलू नका, पैसे वाया जातील. तुम्ही लिहिलं नाहीये पण मला खात्री आहे की सर्वोची लाल वायर आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवर आहे. एसजी९० अडला किंवा एकदम सुटला की एकटाच अर्ध्या अँपिअरच्या वर खेचतो, असे १२, आणि यूएसबीचा पोर्ट देणार सगळा मिळून ५०० मिलिअँपिअर. व्होल्टेज बसतं, आर्डुइनो रिसेट होतो, रिसेट झाला की सगळ्या सर्वोंना परत सुरुवातीच्या जागी जायचा हुकूम जातो, सगळे एकदम खेचतात, परत व्होल्टेज बसतं. असं ते चक्र आहे. थरथर पण त्यातूनच येते, कारण सप्लाय हलला की सर्वोच्या आतला तुलनेचा हिशोब पण हलतो, त्याला वाटतं आपण चुकलो आणि तो दुरुस्त करायला जातो, त्या जाण्याने सप्लाय अजून हलतो.

५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणा, एलईडी पट्ट्यांना लावतात तो, तपकीर गल्लीत कुठेही मिळेल. सर्वोंची लाल आणि ब्राऊन वायर थेट त्याला. आर्डुइनोला वेगळा सप्लाय असला तरी त्याचा ग्राउंड आणि एसएमपीएसचा ग्राउंड एकमेकांना जोडायचाच, हे राहिलं तर सिग्नलला काही अर्थच उरत नाही आणि सर्वो वेड्यासारखे फिरतात. देखावा लांब असतो, तेव्हा सप्लायच्या वायर जाड घ्या, बारीक वायरीतून तीन मीटर गेलं की शेवटच्या सर्वोला ५ चे ४ व्होल्टसुद्धा पोचत नाहीत. प्रत्येक मूर्तीजवळ १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर टाका, उलटा लावू नका. ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर आयसी) वर चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याची एका अँपिअरच्या आसपासच दमछाक होते आणि तो तापतो.

१२ सर्वोंना पीसीए९६८५ चा बोर्ड घ्या, १६ सर्वो दोन वायरींवर चालतात आणि पल्स तो बोर्ड स्वतः बनवतो त्यामुळे आर्डुइनो आवाज वाजवण्यात किंवा लाइट बदलण्यात गुंतला तरी पल्स डगमगत नाहीत. त्याच्यावर सर्वोचा सप्लाय हिरव्या स्क्रू टर्मिनलला द्यायचा, पिनवरच्या व्हीसीसीला नाही, व्हीसीसी फक्त चिपसाठी आहे. कोडमध्ये सगळे एकाच क्षणी सोडू नका, एकापाठोपाठ एक पाव सेकंदाच्या अंतराने सोडा, देखाव्यालाही ते जास्त जिवंत दिसतं.

अजून एक, आणि हे मी मनापासून सांगतोय कारण विसर्जनापर्यंत रोज तासन् तास तो चालणार आहे. ज्या मूर्तीचा हात फक्त वर-खाली वर-खाली एवढंच करतो तिथे सर्वो लावूच नका. साधी गिअर मोटर आणि क्रँक लावा, ती न थकता फिरत राहील. सर्वो अशा ठिकाणी ठेवा जिथे वेगवेगळ्या जागी थांबायचंय, मान वळवून बघायचंय, डोळे मिटायचेत. तिथेही एसजी९० च्या ऐवजी मेटल गिअरचे एमजी९०एस घ्या आणि दोन-तीन जास्तीचे, हॉर्न बसवून तयार, स्टेजमागे ठेवा.

प्रश्न: मी आठवीत आहे. आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. मला विचारायचंय की लाइट गेली तर सर्वोला तो कुठे होता ते आठवतं का? आणि परत चालू केल्यावर तो एकदम झटका का मारतो? आमच्या गेटचा दांडा त्यानेच तुटला. (रत्नागिरी)

उत्तर: तुझा प्रश्न खूप छान आहे, मोठी मुलं पण हा विचारत नाहीत. सर्वोला दोन गोष्टी लागतात, मी कुठे आहे आणि मला कुठे जायचंय. पहिली गोष्ट त्याला लक्षात ठेवावीच लागत नाही कारण पॉट दांड्यालाच जोडलेला आहे, लाइट आली की पॉट जसा असेल तसा वाचला की जागा कळली. लाइट नसताना तू हाताने दांडा फिरवून ठेवलास तरी आल्यावर त्याला नवी जागा बरोबर कळते. दुसरी गोष्ट मात्र त्याच्याकडे नसतेच, ती दर वेळी आर्डुइनोकडून पल्समधून येते.

आता झटका. आर्डुइनो चालू झाल्यावर अटॅच म्हटलं की लायब्ररी स्वतःहून मधल्या जागेचा पल्स, १५०० मायक्रोसेकंद, पाठवायला सुरुवात करते. तुझं गेट तेव्हा खाली असेल, समज ० वर, तर सर्वोला ९० डिग्रीची चूक दिसते, मोठी चूक म्हणजे पूर्ण जोर, आणि तो जमेल तेवढ्या वेगाने सुटतो. हळू जा असं सांगायची सोय त्या पल्समध्ये नाहीच. तेव्हा दोन गोष्टी कर. सेटअपमध्ये अटॅचच्या आधीच राइट लिहून गेट बंद असतं तो आकडा दे, म्हणजे पहिलाच पल्स बरोबर जागेचा जाईल. आणि गेट उघडताना एकदम ९० देऊ नकोस, फॉर लूप लावून एकेक डिग्री वाढव आणि प्रत्येक डिग्रीनंतर १५-२० मिलिसेकंद थांब. म्हणजे चूक कधी मोठी होणारच नाही आणि गेट हळू उघडेल. गेटचा दांडा नवीन करशील तेव्हा लाकडाच्या ऐवजी थर्माकोल किंवा फोमबोर्डचा कर, जेवढा हलका तेवढा सर्वो आनंदात.

प्रश्न: आरसी ग्लायडर उडवतो. क्लबमधले सिनिअर म्हणतात डिजिटल सर्वोच घे, होल्डिंग भारी आहे. किमतीत बराच फरक आहे. खरंच फरक पडतो का? आणि सिग्नल गेला तर सर्वो काय करतो? (नाशिक)

उत्तर: सिनिअर बरोबर बोलतायत, पण प्रत्येक सर्फेसला, म्हणजे पंखावरच्या आणि शेपटीवरच्या प्रत्येक हलत्या भागाला, गरज नाही.

आधी ते २० मिलिसेकंद कुठून आले ते सांगतो. जुन्या रेडिओत एकाच लहरीवरून सगळ्या चॅनलचे पल्स एकापाठोपाठ एक रांगेत जायचे, प्रत्येक जास्तीत जास्त २ मिलिसेकंदाचा, आठ चॅनल म्हणजे १६, आणि रांग संपली हे कळायला शेवटी एक मोठी मोकळी जागा. मिळून २०. म्हणून एका सर्वोची पाळी २० मिलिसेकंदाने एकदा. अॅनालॉग सर्वोने तोच ताल आतही घेतला, पल्स आला की मोटरला एक धक्का आणि मग पुढच्या पल्सपर्यंत गप्प. मोठी चूक असेल तर धक्काच एवढा लांब असतो की फरक जाणवत नाही, पण मध्याच्या जवळ, बारीक चुकीला, धक्का इवलासा आणि मधली शांतता मोठी. तेवढ्यात वाऱ्याने सर्फेस हलवला तर अॅनालॉग सर्वो मऊ पडतो.

डिजिटलमध्ये रिसीव्हरकडून येणारा पल्स तसाच असू शकतो, पण आतला मायक्रोकंट्रोलर शेवटची आज्ञा लक्षात ठेवून पॉट स्वतःच्या तालाने वाचतो आणि मोटरला सेकंदाला ३०० किंवा त्याहून जास्त वेळा छोटे छोटे धक्के देतो. त्यामुळे डेडबँड बारीक ठेवता येतो आणि थोडीशी चूक झाली तरी लगेच जोर येतो. कानालाही कळतं, अॅनालॉग गुरगुरतो आणि डिजिटल बारीक किणकिणतो. बदल्यात करंट जास्त खातो, नुसतं धरून ठेवतानाही. तुमच्या ग्लायडरची बॅटरी छोटी असेल तर हे खरंच महत्त्वाचं आहे.

मी असेन तर एलिव्हेटरला (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा भाग) डिजिटल घेईन, कारण तिथे अर्ध्या डिग्रीनेही विमानाचं ट्रिम बदलतं, बाकी ठिकाणी चांगला अॅनालॉग पुरतो. फक्त रिसीव्हर किंवा स्टॅबिलायझरमध्ये ३३३ हर्ट्झ वगैरे सेटिंग असतं ते अॅनालॉग सर्वोला लावू नका, धक्क्यांमधली मोकळी जागाच राहत नाही, सर्वो गोंधळतो आणि तापून जळतो.

सिग्नल गेला तर, म्हणजे पल्सच बंद झाले तर, अॅनालॉग सर्वोकडे तुलना करायलाच काही नसतं, तो सैल पडतो आणि जे काही धरून ठेवलं जातं ते गिअरच्या घर्षणाने. बरेच डिजिटल सर्वो शेवटची जागा धरून बसतात. पण रेडिओ तुटला म्हणजे पल्स बंद झाले असं नसतं, आताचे रिसीव्हर फेलसेफमध्ये ठरवून दिलेला पल्स स्वतः पाठवत राहतात. तो सेट केलाय का ते जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून बघा, आणि हे प्रत्येक नवीन विमानाला करा. मोटर असलेलं विमान असेल तर प्रोपेलर काढून मगच.

प्रश्न: ३६० डिग्रीवाला सर्वो आणला. ९० दिलं तर थांबतो आणि १२० दिलं तर फिरतच राहतो. पाहिजे त्या अँगलला थांबवायचा कसा? (लातूर)

उत्तर: नाही थांबवता येणार. त्या सर्वोत पॉट दांड्यापासून सोडवलेला असतो आणि त्याच्या जागी दोन फिक्स रेझिस्टन्स असतात, त्यामुळे बोर्डला कायम वाटतं आपण मध्यावरच आहोत. १२० सांगितलं की त्याला ३० डिग्रीची चूक दिसते, तो फिरतो, पण कितीही फिरला तरी चूक कमी होतच नाही. तुम्ही अँगल समजून देताय तो खरं तर वेग आहे. चाकांच्या गाडीला हा सर्वो उत्तम. अँगल पाहिजे असेल तर १८० वाला घ्या, किंवा दांड्यावर चुंबक आणि एएस५६०० सारखा मॅग्नेटिक एन्कोडर लावून कोडमध्ये स्वतः तुलना करा.

प्रश्न: कॅमेरा एका जागी पक्का धरून ठेवायला स्टेपर बरा की सर्वो? दोन्ही जागा धरतात असं वाचलं. (ठाणे)

उत्तर: दोन्ही धरतात पण वेगळ्या तऱ्हेने. स्टेपर म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेपने) फिरणारी मोटर. स्टेपरच्या कॉइलमध्ये करंट चालू ठेवला की रोटर त्या चुंबकीय जागेला चिकटून राहतो, चूक मोजायची भानगडच नाही, म्हणून थरथर नाही आणि व्हिडिओला हे फार चांगलं. पण त्याला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं. धक्का लागून स्टेप सुटली तर तो सुखाने चुकीच्या जागी धरून बसतो आणि कोडला पत्ताही लागत नाही, म्हणून टोकाला लिमिट स्विच (टेकलं की कळवणारं बटण) लावून सुरुवातीला एकदा तिथे नेऊन आणावं लागतं. आणि वजन नसलं तरी करंट चालूच, म्हणजे तापणारच. कॅमेऱ्यासाठी मी स्टेपर घेईन, कॅमेरा दांड्यावर नीट तोलून बसवेन आणि मध्ये वर्म गिअर टाकेन, वर्म गिअर वजनाने सहसा उलटा फिरत नाही त्यामुळे करंट बंद केला तरी कॅमेरा तिथेच राहतो.

प्रश्न: आमच्या दुकानातल्या शो-पीसचा सर्वो वर्षभर छान चालला, आता एका ठराविक जागेवर आला की थरथरतो, बाकी सगळीकडे बरोबर. सप्लाय बदलून बघितला, फरक नाही. (कोल्हापूर)

उत्तर: एकाच जागी थरथरतो म्हटल्यावर सप्लायचा संशय घेऊच नका, सप्लाय खराब असता तर सगळीकडे थरथरला असता. हा पॉट झिजलाय. आत कार्बनच्या पट्टीवर एक पत्र्याची जीभ घासत फिरते, शो-पीस वर्षभर त्याच एका जागेवर थांबत होता आणि थांबल्यावरही किंचित मागे-पुढे होत होता, तेवढाच भाग घासून गेला. आता जीभ त्या भागात आली की रीडिंग उड्या मारतं, बोर्डला वाटतं दांडा हलला, तो दुरुस्त करायला जातो.

आधी वरचा स्क्रू काढून हॉर्न उचला आणि दोन-तीन दात पुढे सरकवून परत बसवा. एमजी९९६आर च्या मापाचा सर्वो असेल तर दांड्यावर २५ दात असतात, म्हणजे एका दाताला १४.४ डिग्री. तेवढाच अँगल कोडमध्ये उलट दिशेने बदला. शो-पीस पूर्वीच्याच जागी थांबेल पण आत पॉटची जीभ न झिजलेल्या पट्टीवर असेल. फक्त सर्वो शेवटच्या टोकाला जाऊन आपटत नाही ना ते बघा, तिथे तो अडून बसला तर रात्रीतून जळेल. सर्वो अॅनालॉग असेल आणि हालचाल संपल्यावर शो-पीस आपल्या वजनाने खाली येणारा नसेल तर डिटॅच पण करून टाका, पल्स बंद, मोटर गप्प, पॉट घासायचं थांबलं, आणि दुकानात तो गुंऽ गुंऽ आवाजही राहणार नाही.